उडी पहिल्या दिवसाची, शिधा दुसऱ्या दिवसाचा

‘कंपनी ऑफ हीरोज’ हा २००६ सालचा गेम ज्यांनी खेळला असेल त्यांना त्यातली अमेरिकी एअरबोर्न कंपनी नक्की आठवेल. छत्रीधारी सैनिकांची तुकडी शत्रूच्या पिछाडीला उतरते, लढते, तिच्यातले दोघे पडतात. खेळाडू बटण दाबतो आणि आकाशातून दोन नवे गडी उतरून तुकडीत सामील होतात. साध्या पायदळाला माणसे भरून घ्यायची तर तळाकडे किंवा तशी सोय असलेल्या गाडीकडे माघारी यावे लागते. छत्रीवाल्यांना ती जागच्या जागी मिळतात. आणखी एक बटण दाबले की विमान येऊन मशीनगन, उखळी तोफ आणि मालाच्या पेट्या टाकून जाते. विमान वाट चुकत नाही, पेटी झाडात अडकत नाही.

खेळ म्हणून ही सोय झकास आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती बरोबर उलटी आहे. कुमक आणि शिधा मिळण्याची खात्री सैन्यात सर्वांत कमी कुणाला असेल, तर छत्रीने उतरलेल्या शिपायाला. जे अंगावर बांधून उडी मारली तेवढीच त्याची दौलत. गेल्या तीस वर्षांतले युद्धाचे संगणकीय खेळ एका ओळीत मांडून पाहिले, तर त्यांनी उडीवर अतोनात प्रेम केले आणि उडीनंतरच्या दिवसांकडे फार उशिरा पाहिले, असे दिसते.

१९९४ च्या ‘पँझर जनरल’ने षटकोनी घरांचा युद्धखेळ घराघरांतल्या संगणकावर आणला. त्यात छत्रीसैनिक विमानतळावर विमानात चढवायचे आणि शत्रूच्या मागच्या शहरावर उतरवायचे. प्रत्येक तुकडीच्या दारूगोळ्याचा हिशेब होता, हे त्या काळात पुष्कळच म्हणायचे. पण तो भरून घ्यायला मागे आपला रस्ता असावा लागत नसे. शेजारी शत्रू उभे असतील तर माल कमी मिळे, एवढाच निर्बंध. माल आला कुठून, हे खेळाने विचारलेच नाही. २००३ च्या ‘कमांड अँड कॉन्कर: जनरल्स’ने तर कमाल केली. अमेरिकी बाजूने ‘सप्लाय ड्रॉप झोन’ बांधला की थोड्याथोड्या वेळाने मालवाहू विमान येऊन पेट्या टाकी, आणि त्या पेट्यांचे थेट पैसे होत. जगातल्या प्रत्येक सैन्यासाठी हवाई रसद ही खर्चाची डोकेदुखी आहे. इथे ती उत्पन्नाची बाब झाली.

‘स्टारक्राफ्ट’ची गोष्ट वेगळी. दक्षिण कोरियाचा लिम यो-ह्वान हा खेळाडू त्याच्या ड्रॉपशिपच्या डावपेचांसाठी प्रसिद्ध होता. मूठभर सैनिक शत्रूच्या कामगारांमध्ये उतरवायचे, नासधूस करायची आणि त्याची फौज धावून येईपर्यंत त्यांना पुन्हा उचलून न्यायचे. तिथे रसदेचा प्रश्न नाही आणि तो नसणे रास्तही आहे, कारण तो छापा आहे. छापा मारणाऱ्याला दुसऱ्या दिवसाची चिंता नसते.

प्रत्यक्ष युद्धातही हवाई हल्ला छाप्याच्या मापाचा ठेवला तेव्हा तो बहुधा साधला. १० मे १९४० रोजी शंभराहून कमी जर्मन सैनिक ग्लायडरमधून बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या छपरावर उतरले. त्यांनी पोकळ स्फोटके लावून तोफा निकामी केल्या, दुसऱ्या दिवशी जमिनीवरून त्यांचे सैन्य येऊन मिळाले आणि किल्ला शरण आला. अभेद्य म्हणून गाजलेला किल्ला चोवीस तासांच्या आसपास पडला. यातली विसरली जाणारी बाब म्हणजे तो दुसरा दिवस. पायदळ वेळेवर पोचले म्हणून छपरावरचे वीर ठरले.

पुढच्या वर्षी क्रीटमध्ये या यशाचा हिशेब चुकता झाला. २० मे १९४१ रोजी जर्मन सेनापती कुर्ट श्टुडेंटचे छत्रीसैनिक मालेमे, रेथिम्नो आणि हेराक्लिओन या ठिकाणी उतरू लागले. त्या वेळचा जर्मन छत्रीसैनिक बहुधा पिस्तूल आणि हातबॉम्ब घेऊन उडी मारी. रायफली आणि मशीनगनी वेगळ्या डब्यांतून वेगळ्या छत्रीने खाली येत. डबा पडला शंभर पावलांवर आणि मधल्या मोकळ्या रानावर न्यूझीलंडची मशीनगन रोखलेली, म्हणजे तो डबा बर्लिनमध्ये असल्यासारखाच. पहिल्या दिवसाअखेर तिन्ही ठिकाणी जर्मनांची अवस्था वाईट होती. मालेमे विमानतळावर नजर ठेवणारी टेकडी १०७ न्यूझीलंडच्या लेफ्टनंट कर्नल लेस्ली अँड्र्यू यांच्या बटालियनकडे होती. पुढच्या कंपन्यांशी त्यांचा संपर्क तुटला होता, मदत येत नव्हती, म्हणून रात्री त्यांनी माघार घेतली. सकाळी जर्मनांना टेकडी रिकामी सापडली. मग तोफांच्या माऱ्यात युंकर्स ५२ विमाने धावपट्टीवर उतरवून डोंगरी पायदळ ओतले गेले, आणि बेट हातचे गेले. जर्मनांचे मेलेले आणि बेपत्ता चार हजारांच्या घरात होते. हिटलरचा मोठ्या हवाई मोहिमांवरचा विश्वास उडाला. मित्रराष्ट्रांनी मात्र त्याच क्रीटकडे पाहून आपल्या हवाई डिव्हिजन वाढवल्या! एका लढाईतून दोन बाजूंनी उलटे धडे घेतल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. माझ्या मते क्रीट छत्र्यांनी जिंकलेच नाही. धावपट्टीने जिंकले.

संगणकाच्या आधीचे, पुठ्ठ्याच्या नकाशांवरचे अमेरिकी युद्धखेळ या बाबतीत जास्त जाणते होते. अ‍ॅव्हलॉन हिल आणि एसपीआय या कंपन्यांनी १९७० च्या दशकात क्रीट आणि आर्नहेमवर खेळ काढले. छत्री कुठे पडणार हे फासा ठरवणार, हा त्या खेळांतला सर्वमान्य संकेत. खेळाडू बोट ठेवी एका घरावर आणि बटालियन पडे पलीकडच्या दलदलीत. हा हिशेबीपणा कुठवर जाऊ शकतो याचाही नमुना तिथेच आहे. एसपीआयच्या १९७९ च्या ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’मध्ये इटालियन तुकड्यांना पास्ता उकळण्यासाठी जास्तीचे पाणी द्यावे लागे. त्या खेळाला हजाराहून अधिक तास लागतात म्हणे. तो शेवटपर्यंत खेळलेला माणूस भेटला तर त्याचा सत्कारच करावा लागेल.

संगणकाचा खरा फायदा इथे व्हायला हवा होता. टनांची बेरीज-वजाबाकी त्याने करावी आणि माणसाने निर्णय घ्यावा. पण पडद्यावर उतरणाऱ्या छत्र्या सुंदर दिसतात आणि बेरीज दिसत नाही, त्यामुळे पैसा छत्र्यांवर गेला.

अपवाद होते. १९९७ चा ‘क्लोज कॉम्बॅट: अ ब्रिज टू फार’ हा पूर्ण खेळच सप्टेंबर १९४४ च्या मार्केट गार्डन मोहिमेवर होता. त्यातले सैनिक घाबरत, हुकूम ऐकत नसत, दारूगोळा संपला की जमिनीला चिकटून राहत. वरच्या पातळीवर कुठल्या क्षेत्राला किती रसद द्यायची हेही पाहावे लागे. आर्नहेमला द्यावी तर नाइमेखनचा पूल अडतो, नाइमेखनला द्यावी तर आर्नहेमचे लोक मरतात. हा पेच ज्याने एकदा सोसला त्याला मोहिमेचे मर्म एखादा जाडजूड ग्रंथ वाचल्याइतके कळले असेल.

मार्केट गार्डनची योजना साधी होती. तीन हवाई डिव्हिजन हॉलंडमधले पूल एकामागून एक धरणार आणि रणगाड्यांची फौज सुमारे शंभर किलोमीटरच्या एकाच रस्त्याने त्यांना गाठत ऱ्हाइन ओलांडणार. टोकाला, आर्नहेमला, ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन होती. लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट यांचे लोक पुलाच्या उत्तर टोकाशी पोचले. बाकीची डिव्हिजन पोचली नाही. वायरलेस धड चालत नव्हते. माल टाकण्यासाठी ठरवलेली जागा जर्मनांच्या हाती होती, आणि हे विमानांना कळवायचे साधन नव्हते. म्हणून ब्रिटिश विमाने येत राहिली आणि जर्मनांना माल पुरवीत राहिली. खाली ब्रिटिश सैनिक निशाण्या दाखवीत होते, छत्रीची कापडे हलवीत होते. १९ सप्टेंबरला फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड लॉर्ड यांच्या डाकोटाचे इंजिन पेटलेले असताना त्यांनी एक फेरी मारून माल टाकला, काही डबे उरले म्हणून पुन्हा वळून दुसरी फेरी मारली, आणि विमान कोसळले. आतला एकच जण वाचला. लॉर्ड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या जागेवर त्यांनी माल टाकला ती शत्रूच्या ताब्यात होती, हे त्यांना कधीच कळले नाही. आर्नहेमला उतरलेल्या सुमारे दहा हजारांपैकी दोन हजारांच्या आसपास माणसे ऱ्हाइनच्या अलीकडे परत आली.

माझा आक्षेप नेमका हा आहे. खेळात खेळाडूला सगळा नकाशा दिसतो, म्हणून पेटी कधी चुकीच्या हातात पडत नाही. शत्रू कुठे आहे हे धुक्याआड लपवण्याची युक्ती खेळांनी फार पूर्वी आत्मसात केली. पण आपलीच माणसे कुठे आहेत हे आपल्यालाच माहीत नसणे, ही हवाई मोहिमेतली मुख्य व्याधी फार थोड्या खेळांनी अंगावर घेतली. पैसे मोजून घेतलेला गेम आपल्याशी असा वागला तर खेळाडू चिडेल, ही निर्मात्यांची भीती असावी. तीही अगदीच खोटी नाही.

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ची वाटचाल याच अंगाने पाहण्यासारखी आहे. २०१६ मध्ये हा गेम आला तेव्हा आकाशावर ताबा मिळवून वाहतूक विमानांतून छत्रीसैनिक थेट महत्त्वाच्या शहरांवर टाकायचे आणि अख्खा देश शरण आणायचा, ही खेळाडूंची आवडती हातचलाखी होती. इंग्लंडवर असे कितीदा राज्य झाले असेल! नोव्हेंबर २०२१ च्या बदलांनंतर त्यात रेल्वेमार्ग, रसदेची केंद्रे, आगगाड्या आणि ट्रक आले. आता शहर घेतले तरी मागे रूळ नसेल तर डिव्हिजन उपाशी मरते. वाहतूक विमानांनी माल पोचवता येतो, पण त्याने मोठी फौज जगत नाही. क्रोएशियातल्या एका छोट्या चमूचा ‘युनिटी ऑफ कमांड’ त्याआधीच, २०११ मध्ये, स्टालिनग्राडच्या मोहिमेवर आला होता. रसदेची वाट तोडली की शत्रू दोन-तीन चालींत लुळा पडतो, हीच त्याची सगळी गंमत. मोठ्या कंपनीला जे सुचायला आणखी दहा वर्षे लागली ते छोट्यांनी आधी करून दाखवले.

स्टालिनग्राडच्या वेढ्यात अडकलेल्या जर्मन सहाव्या आर्मीला दिवसाला किमान ५०० टन माल हवा होता. सरासरी पोचला तो शंभर टनांच्या थोडा वर. हे होऊ शकेल असे वाटले, कारण त्याच वर्षी देम्यान्स्कच्या वेढ्यात एक लाखाच्या आसपास माणसे विमानांनी जगवली होती. स्टालिनग्राडला मात्र माणसे अडीच पट, हिवाळा कडक आणि सोव्हिएत विमाने जास्त. २४ डिसेंबर १९४२ रोजी तर सोव्हिएत रणगाडे तात्सिन्स्कायाच्या विमानतळावरच चढून आले, जिथून हा माल निघत होता.

हे सगळे युरोपातले झाले. हवाई रसदेवर एक संपूर्ण मोहीम जिंकली गेली ती आपल्या उंबरठ्याशी, आराकान, मणिपूर आणि ब्रह्मदेशात. खेळांच्या जगात तिच्या वाट्याला फारच थोडी जागा आली. ‘ऑर्डर ऑफ बॅटल’ या मालिकेत ‘बर्मा रोड’ नावाचा एक भाग निघाला. बाकी नॉर्मंडी, नॉर्मंडी आणि पुन्हा नॉर्मंडी.

फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात जपान्यांनी सातव्या भारतीय डिव्हिजनला वेढले. आधीच्या वर्षांत वेढले गेले की ब्रिटिश-भारतीय फौज मागे पळे. या वेळी चौदाव्या आर्मीचे सेनापती विल्यम स्लिम यांनी हुकूम दिला की जागा सोडायची नाही, माल वरून येईल. तो आला, कारण वेढा पडण्याआधीच शिधा बांधून ठेवला होता. पुढच्या महिन्यात पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा आणि खेचरांसकट आराकानातून उचलून विमानाने इंफाळच्या आघाडीवर नेली गेली. त्याच मार्चमध्ये ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेट यांचे चिंडिट, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला जाऊन लढणारे सैनिक, ग्लायडरने आणि डाकोटांनी जपान्यांच्या मागे जंगलात उतरले. सुमारे ९,००० माणसे आणि हजाराहून अधिक खेचरे. चिंडिटांच्या खेचरांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया केलेली असे, म्हणजे शत्रूच्या मुलखात ती ओरडणार नाहीत. असला बारकावा कुठल्याच खेळात घेत नाहीत, आणि कुणी घेतला तर मला तो खेळायला आवडणार नाही.

इंफाळच्या पठारावर दीड लाखाच्या आसपास फौज अडकली होती. एप्रिल ते जूनच्या अखेरीपर्यंत विमानांनी तिथे सुमारे १९,००० टन माल आणि हजारो सैनिक आणले. परत जाताना तीच विमाने जखमींना आणि लढण्यात उपयोग नसलेल्या हजारो लोकांना घेऊन गेली. खाणारी तोंडे कमी करणे हीही रसदच. मालासाठी रेशमी छत्र्या पुरेनात, तेव्हा स्लिम यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना कामाला लावले. तागाच्या छत्र्या निघाल्या. एकेकीला पौंडभर खर्च, नेहमीच्या छत्रीला वीसच्या आसपास. पलीकडे जपानी सेनापती मुतागुची तीन आठवड्यांचा शिधा आणि हाकत आणलेली गुरे घेऊन निघाले होते. इंग्रजांची कोठारे लुटून पुढचे भागवू, हा हिशेब. कोठारे हाती लागली नाहीत. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला तोवर त्यांची आर्मी उपासमारीने आणि रोगाने खचली होती. ‘युनिटी ऑफ कमांड’चा सिद्धांत इतक्या क्रूरपणे सिद्ध झालेली दुसरी मोहीम दाखवणे अवघड आहे.

या विजयाच्या पोटात एक छोटी, कडू लढाई आहे आणि तिच्यात मराठी माणूस आहे. मार्च १९४४ मध्ये उखरुलजवळच्या संशाक गावी ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या वाटेत सापडली. छत्रीसैनिक होते, पण इथे कुणी उडी मारली नव्हती. ते पायदळ म्हणून लढत होते. त्यांच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. जागा सुमारे ८०० यार्ड लांब आणि ४०० यार्ड रुंद. पाण्याची सोय नाही, काटेरी तार नाही, खणायला गेले तर थोड्याच खाली कातळ. विमानांनी माल टाकला तो बराचसा जपान्यांच्या बाजूला पडला. तरी ही मंडळी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत टिकली, आणि कोहिमाकडे निघालेल्या जपानी रेजिमेंटचे मोलाचे दिवस खाऊन गेली. इंफाळच्या बेरजेत संशाकचा माल जवळजवळ शून्य भरेल. मोहिमेच्या बेरजेत ते दिवस फार मोठे आहेत.

सत्तावीस वर्षांनी छत्री आणि मराठा पुन्हा एकत्र आले. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी पूर्व बंगालमधल्या टांगाईलजवळ सातशेहून अधिक सैनिक उतरले. ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे पूर्वाश्रमीची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांचे. काम होते लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरून जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवणे. छत्र्या थोड्या विखुरल्या, तरी पूल संध्याकाळी हातात आला. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जमिनीवरून येणारी फौज त्यांना मिळाली, आणि तिच्यात आघाडीवर होती पहिली मराठा. आर्नहेममध्ये जे नऊ दिवसांत जमले नाही ते इथे एका दिवसात जमले. याला शौर्याइतकेच योजनेचे माप कारण होते. पूल एकच, अंतर बेताचे, आणि खालचा मुलूख कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीचा. छत्री ब्रिगेडचा एक अधिकारी आधीच जाऊन जागा पाहून ठेवून होता.

टांगाईलमधली आणखी एक गोष्ट खेळाच्या कुठल्याच नियमात बसत नाही. वृत्तपत्रांत छापायला दिलेले छायाचित्र आदल्या सरावातले, अख्ख्या ब्रिगेडच्या उडीचे होते. परदेशी पत्रांनी उतरलेल्यांचा आकडा हजारोंवर नेला, आणि ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींना तो खोडून काढायला साधन नव्हते. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरणाऱ्यांत हीच बटालियन होती. गेममध्ये सातशेचे सातशेच राहतात.

आज पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, जगभर विकले जाणारे काम इथली मुले करतात. मार्केट गार्डन परदेशी लोकांनी पुरेसे केले आहे. ते त्यांचे युद्ध होते आणि ते त्यांनी चांगले सांभाळले. संशाक ते टांगाईल हा आपला धागा मात्र कुणीच उचललेला नाही. रेजिमेंटचे इतिहास छापलेले आहेत, स्लिम यांचे आत्मकथन सहज मिळते, आणि १९७१ चे सैनिक अजून आपल्यात आहेत, त्यांच्याशी बोलता येते. करायचेच असेल तर एवढे पाळा: उतरायची जागा फाशावर सोडा, वायरलेस मधूनमधून बंद पाडा, माल शत्रूलाही उचलू द्या आणि घड्याळ दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करा.